कोंदोकाचें: उपग्रहाच्या चित्रातली एक रेघ आणि माझं दीड वर्ष

गावाचं नाव मी लिहिणार नाही, ते आधीच सांगून टाकते. सासष्टी आणि केपे तालुक्यांच्या सीमेजवळचं, कुशावती नदीपासून फार लांब नसलेलं एक गाव, एवढं पुरे. कुठे काही जुनं सापडल्याची कुणकुण लागली की पुढच्या अमावास्येला कुदळी घेऊन माणसं पोचतात. जमिनीत दडलेलं जुनं बांधकाम उपग्रहाच्या चित्रांवरून शोधायचं माझं हे काम ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यामुळे तडीस गेलं, त्यांच्या शेतात खड्डे पडलेले मला बघवणार नाहीत.

मी फोंड्याजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते. पुरातत्त्वाचं शिक्षण शून्य. ऑक्टोबर २०२३ मध्ये नववीच्या तासाला मुलांना गूगल अर्थवर आपापली घरं शोधायला लावली होती. एका मुलीच्या आजोळचं गाव पडद्यावर आलं आणि मी सहज वर्षांची पट्टी मागे सरकवली. एका एप्रिलमधलं चित्र आलं. सगळी शेतं करपून पिवळी पडलेली, आणि त्यांत एक हिरवी रेघ. विळ्यासारखी वळलेली, तीन शेतांच्या मेरा बिनदिक्कत ओलांडून गेलेली. मुलं पुढच्या घराकडे वळली. मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर होते.

अशी रेघ का दिसते ते पुढच्या दोन आठवड्यांत वाचून काढलं. जुना खंदक बुजला तरी त्यात भरलेली माती भुसभुशीत राहते आणि ओल धरते, म्हणून तिच्यावरचं गवत उशिरा सुकतं. खाली चिऱ्यांची भिंत असेल तर उलट, तिथलं गवत आधी करपतं. या पीकखुणा. उंचवट्यांच्या सावल्यांवरून ओळखतात त्या सावलीच्या खुणा. इंग्लंडमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२० च्या दशकात हे सगळं पद्धतशीर मांडलं. १९२५ मध्ये गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाला स्टोनहेंजजवळच्या एका शेतात ठिपक्यांची वर्तुळं दिसली, आणि आज आपण ज्याला वुडहेंज म्हणतो ते सापडलं.

पण ती कोरड्या शेतीची जमीन. आपल्याकडे सरदाचं, म्हणजे पावसाळी भात पाण्यात उभं असतं, त्याला खालच्या ओलीचं सोयरसुतक नसतं. जून ते सप्टेंबरची बरीच चित्रं तर नुसते ढग. म्हणून गोव्यात बघायची ती फेब्रुवारी ते मे महिन्यांतली चित्रं, आणि त्यातही वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात न घेतलेली शेतं. भाटं (माडांच्या बागा), कुळागरं (पोफळीच्या बागा) आणि रान सोडून द्या. माडांच्या झावळ्यांखाली अख्खा किल्ला असला तरी वरून कळायचा नाही.

नजर तयार करायला आधी माहीत असलेल्या जागा बघाव्यात, हे मला जरा उशिरा सुचलं. भुवनेश्वरजवळचं शिशुपालगड हे प्राचीन नगर बघा. तटबंदीचा चौकोन इतका स्पष्ट आहे की मी तो वर्गातही दाखवते. मग मोठ्या उत्साहाने गोव्यातलं चांदर बघायला घेतलं. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोजांची राजधानी. फादर हेन्री हेरास यांनी १९२९ मध्ये तिथे उत्खनन केलं. मुंडकं नसलेला नंदी तिथला, आणि त्या भागाला लोक अजून कोट म्हणतात. वरून काय दिसलं? घरं, माड आणि जवळून जाणारे रेल्वेचे रूळ. जिथे नक्की काहीतरी आहे तिथेच काही दिसत नाही, हे बघून मला धीर आला की भीती वाटली ते आजही सांगता येत नाही.

डिसेंबरपर्यंत माझ्या वहीत तेवीस खुणा जमल्या होत्या. नवशिक्याला सगळीकडे किल्ले दिसतात. चाळून चाळून तीन उरल्या. त्यांतली पहिली मला सर्वांत आवडती होती: पठारावर एकाला एक लागून पाच चौकोन, काटकोनात, पुसट पण रेखीव. मी स्टाफरूममध्ये सांगून मोकळी झाले होते की ही वसाहत आहे, घरांचे पाये आहेत. नाताळच्या सुट्टीत नवऱ्याला घेऊन गेले. स्कूटर खाली ठेवून अर्धा तास काजूंच्या झाडांतून चढलो. वर पोचलो तर समोर चिरेखाण. जुनी, हाताने काढलेली. भिंतींवर कुऱ्हाडीच्या तिरक्या घावांच्या ओळी अजून मोजता येत होत्या, एकीखाली एक, प्रत्येक ओळ एका चिऱ्याएवढी. तळाशी हिरवं पाणी, आणि दोन मुलगे गळ टाकून बसलेले. त्यातला एक म्हणाला, ही आमच्या आजोबांनी काढलेली खण. नवरा काही बोलला नाही. परतताना स्कूटरवर मात्र इतका हसला की मला "समोर बघा" म्हणावं लागलं.

दुसरी खूण, सरळ फिकट पट्टा, जमिनीखालची पाण्याची पाईपलाईन निघाली. व्हॉल्व्हच्या सिमेंटच्या पेटीला ठेच लागली तेव्हा कळलं. त्याबद्दल एवढंच.

उरली ती हिरवी रेघ. इतक्यात तोंड पोळलेलं असल्यामुळे तिच्याकडे मी संशयानेच बघायला लागले. नाल्याचा जुना प्रवाह असेल? पाणी उतार शोधत जातं, आणि ही रेघ एका टोकाला उतारावर आडवी चढत होती. रुंदीही सगळीकडे सारखीच, साधारण आठ मीटर. खाजनाचा, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या शेतीचा बांध? ही शंका जास्त बळकट होती, कारण गोव्यात मातीच्या बांधकामाचा विषय निघाला की पहिला मान खाजनांचा. आमच्या बांदोड्याला मिळालेल्या अनिर्जितवर्मन राजाच्या ताम्रपटातही खाजन जमिनीचा उल्लेख आहे, म्हणजे दीड हजार वर्षांच्या आसपासची परंपरा. पण खाजन म्हटलं की एका बाजूला खारं पाणी, मानस (पाण्याचं दार), पोय (आतलं तळं) यांतलं काहीतरी असायला हवं. ही शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा बरीच वर आहेत.

म्हणून जुनं चित्र हवं होतं, रस्ते आणि नवी घरं येण्याआधीचं. आपल्याकडची विमानातून घेतलेली जुनी सरकारी छायाचित्रं सामान्य माणसाच्या हाती लागणं कठीण. त्याऐवजी अमेरिकेच्या कोरोना नावाच्या हेरगिरी उपग्रहांची चित्रं मिळतात. हो, नाव तेच, रोगाच्या कितीतरी आधीचं. १९६० ते १९७२ या काळात हे उपग्रह खऱ्याखुऱ्या फिल्मवर फोटो काढायचे. फिल्मचा डबा पॅराशूटने खाली सोडायचे आणि विमान तो हवेतल्या हवेत आकड्याने पकडायचं. १९९५ मध्ये ही चित्रं खुली झाली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर खातं उघडून शोधता येतात. आधी कोणी स्कॅन करून घेतलेली असतील तर फुकट, नसतील तर एका फ्रेमचे ३० डॉलर. माझी नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पैसे भरले, कार्डाचे जादा धरून अडीच हजारांच्या वर गेले. तीन आठवड्यांनी फाईल आली. एकदा स्कॅन झाली की ती सगळ्यांना फुकट मिळते, त्यामुळे गोव्याचा तो तुकडा आता कोणीही उतरवून घेऊ शकतो. पैसे भरण्याआधी लहान नमुनाचित्र नीट बघून घ्या. ढग कुठे आहेत ते त्यात दिसतं.

फाईल उघडली आणि रडू यायचं बाकी राहिलं. कोरोनाची फ्रेम म्हणजे एक लांबलचक पट्टी, कडांकडे ताणलेली, आणि उत्तर कुठे याचा पत्ता नाही. ती आजच्या नकाशावर बसवायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर लागतं. माझा भाचा इंजिनियरिंगला आहे, तो म्हणाला, "मावशी, न बदललेल्या जागा शोध." आम्ही चर्च, देवळाची तळी आणि रेल्वेचे पूल पकडले. रस्त्यांची वळणं घेऊ नका, ती रुंदीकरणात सरकतात. अख्खी फ्रेम बसवायचा हट्टही नको. आपल्याला हवा तेवढा तुकडा कापून घेतला की काम चारपट सोपं होतं. हे कळायला आमचे तीन रविवार गेले.

आणि मग ती दिसली. राखाडी शेतात गडद रेघ, आजच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट लांब. आज जिथे डांबरी रस्ता आणि सहा-सात घरं आहेत तिथून वळून ती टेकडीच्या पायथ्याला टेकत होती. टेकडी आणि रेघ मिळून बंद आकार होत होता. मी भाच्याला चहा करून द्यायचं विसरले.

मार्चमध्ये जमिनीचे कागद काढले. ही पायरी कोणी सांगत नाही आणि मला सर्वांत उपयोगी पडली. सर्व्हे प्लॅनवर शेतांच्या हद्दी बघा. आमच्या रेघेच्या आतल्या बाजूची नऊ शेतं एकाच वक्राला येऊन थांबत होती. खंदक बुजला, पण हद्दी त्याला मान देत राहिल्या. दुसरं म्हणजे वन-फोर्टीनचा उतारा, गोव्यातला सातबाराच म्हणा. मालक कोण, कूळ कोण ते सगळे बघतात. त्यात शेताच्या नावाचीही जागा असते, तिथे सहसा कोणी ढुंकून बघत नाही. मी नऊ सर्व्हे नंबरांचे उतारे काढले. बहुतेकांत नाव कोरं, काहींत नुसतं "मोरड", म्हणजे चढावरची शेतजमीन. दोनांत रोमी लिपीत पोर्तुगीज वळणाचं काहीतरी होतं, मी ते "कोंदोकाचें" असं वाचलं. कोंदोक म्हणजे काय? घरी विचारलं, शाळेत विचारलं, कोकणी शिकवणाऱ्या बाईंनाही विचारलं. कोणालाच पत्ता नाही.

एप्रिलच्या एका रविवारी त्या गावात गेले. कागदावरच्या कुळांपैकी एकजण अंगणात सुपारी सोलत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. मी लांबलचक प्रस्तावना केली, शाळेचं नाव सांगितलं, प्रिंट दाखवली. त्यांना प्रिंटमध्ये काडीचा रस नव्हता. शेवटी मी ते नाव वाचून दाखवलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"कोंदोकाचें न्हय गो बाय, खंदकाचें! पयलीं थंय मे मेरेन उदक रावतालें."

पोर्तुगीज कारकुनाच्या लिपीत ख नव्हता. मी सहा महिने उपग्रहांशी झटत होते, आणि तिथे मे महिन्यापर्यंत पाणी राहायचं हे या माणसाला लहानपणापासून माहीत होतं. गोव्यात हे नवं नाही. कुशावतीकाठची उसगाळीमळची कातळशिल्पं १९९३ मध्ये डॉ. प्र. पां. शिरोडकर यांनी उजेडात आणली, त्यांनाही ती गावकऱ्यांनीच दाखवली होती. मी ते शंभरदा वाचलं होतं, तरी आधी लॅपटॉप उघडला.

मे महिन्यात चार वेळा शेतं पायी पालथी घातली, सकाळी सात ते साडेनऊ, पुढे ऊन सोसत नाही. कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या संस्थेच्या जमिनीसाठी त्यांच्या क्लार्कला आधी पत्र दिलं, बाकी कुळांना तोंडी विचारलं. नांगरलेल्या पट्ट्यात खापरं दिसत होती, लाल, जाड, काही काठाची. दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवून फोटो काढायचे, फोनवर जागेचे आकडे टिपायचे, आणि खापर होतं तिथेच ठेवायचं. उचलू नका. खापर कुठे पडलं होतं हीच त्याची निम्मी किंमत, आणि घरी आणलं की ती संपते. शिवाय १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

त्याच दिवसांत एका अंगणात मला कोंडीत पकडलं गेलं. चार-पाच शेतकरी, एक पंच, आणि प्रश्न एकच: "हें कितें तरी पोरनें म्हूण जालें जाल्यार आमकां घर बांदूंक दितले?" हे काहीतरी जुनं ठरलं तर आम्हांला घर बांधू देतील का? त्यांचं चुकत नव्हतं. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती २०१० च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढचे दोनशे मीटर परवानगीशिवाय चालत नाही. मी सांगितलं की नोंद होणं वेगळं आणि स्मारक जाहीर होणं वेगळं, मधे बरीच वर्षं आणि बऱ्याच पायऱ्या असतात. पण "कधीच होणार नाही" असं वचन मी देऊ शकत नव्हते आणि दिलं नाही. दोघांनी त्यानंतर त्यांच्या शेतात पाऊल ठेवू दिलं नाही. त्यांची शेतं माझ्या नकाशावर आजही कोरी आहेत.

जूनमध्ये पाऊस लागला. जुलै २०२४ मध्ये मी संबंधित सरकारी कार्यालयात अर्ज दिला: पाहणी करावी, नोंद घ्यावी. तीन आठवड्यांनी परत आला, सर्व्हे नंबर वेगळ्या तक्त्यात नाहीत म्हणून. दुसरा अर्ज दिला, त्यावर अकरा आठवडे काहीच नाही. फोन केला की साहेब दौऱ्यावर. प्रत्यक्ष गेले तेव्हा कळलं की अर्ज दुसऱ्याच विभागाच्या फायलीत लागला होता. माझ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक होता म्हणून तो अर्ध्या तासात सापडला, नाहीतर तिसरा लिहावा लागला असता. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांच्या शुल्कासह, पिशवीत तयार होता. तो काढावा लागला नाही. टेबलावरच्या बाई नंतर फार चांगल्या वागल्या, हेही लिहायला हवं. जागेचे आकडे, उत्तर दिशा, मापपट्टी आणि तीन वेगवेगळ्या तारखांची चित्रं एकाच पानावर बसवा, हे त्यांनीच सांगितलं. ते पान केल्यावर गाडी हलली.

जानेवारी २०२५ मध्ये ड्रोन. भाच्याच्या मित्राचा, २५० ग्रॅमच्या आतला. या वजनाला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर जागा उडवायला मोकळीक असलेल्या हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघावंच लागतं. गोव्यात दाबोळीचा विमानतळ नौदलाचा, त्यात २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू, त्यामुळे अंदाजपंचे उडवू नका. पोलीस ठाण्यातही पत्र देऊन ठेवलं.

हेतू सावलीच्या खुणा पकडण्याचा. दीड फुटाचा उंचवटा उभ्या माणसाला जाणवतसुद्धा नाही, पण सूर्य क्षितिजापासून पाच अंशांवर असला की त्याची सावली सतरा फूट पडते. हिशेब करून सव्वासातला सज्ज झालो. पूर्वेला टेकडी आहे हे मी, भूगोलाची शिक्षिका, विसरले होते. शेतावर ऊन आलं आठ वाजता, तोवर धुकं, आणि मग एका घारीने ड्रोनवर दोनदा झेप घेतली. पहिला दिवस वाया. दुसऱ्या खेपेला संध्याकाळ धरली. मावळतीच्या उन्हात खंदकाच्या आतल्या कडेला एक सलग उंचवटा उजळला आणि त्यामागे काळी सावली पडली. खणलेली माती आत टाकून बांध घालतात, तसा. मित्राने भाडं घेतलं नाही, मडगावला फिश थाळी खाल्ली. सगळा खर्च, पेट्रोल आणि प्रिंट धरून, साडेसात हजारांच्या आत बसला.

फेब्रुवारीत पाहणी झाली. दोघेजण आले, तीन तास चालले, माझ्यापेक्षा कितीतरी कमी बोलले. जिथे मला बांध वाटत होता त्यातला एक तुकडा अलीकडे जेसीबीने टाकलेल्या मातीचा आहे, हे त्यांनी दोन मिनिटांत दाखवलं. मातीत प्लास्टिक होतं. बाकीचा वक्र मात्र त्यांनी पुनःपुन्हा चालून बघितला. काळ विचारला तर म्हणाले, खणल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि खणायचं ठरलेलं नाही. मार्चमध्ये दोन ओळींचं पत्र आलं: सदर स्थळाची नोंद घेण्यात आली आहे. ते मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून वहीत ठेवलं, तेवीस खुणांच्या यादीशेजारी.

परवा सुपारी सोलणाऱ्या त्या आजोबांचा फोन आला. यंदा त्यांनी सरदाचं भात काढल्यावर त्या शेतात अळसांदे, म्हणजे चवळीसारखं कडधान्य, पेरले होते. नातवाने फोटो पाठवलाय, बघ म्हणाले. सगळे वेल सुकून तपकिरी झालेले, आणि मधोमध आठ पावलांचा पट्टा अजून हिरवा. काढणीला तिथेच चार दिवस थांबावं लागलं म्हणून ते थोडे वैतागले होते.